बुलेट सोडून दुसरी गाडी घ्यावी का: एका गॅरेजवाल्याचं उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांची १९८६ ची बुलेट घरात आहे आणि चालू आहे. तुमची स्वतःची २०१२ ची क्लासिक ३५०, तीही रॉयल एन्फिल्डचीच, पाऊण लाख किलोमीटर पळाली आहे. नोकरी पुण्यात, घर सांगलीला, महिन्यातून एक-दोनदा हायवेने ये-जा. मित्राची होंडा सीबी३५० दोन दिवस वापरलीत, मग ट्रायम्फ स्पीड ४०० ची टेस्ट राइड घेतलीत, आणि तेव्हापासून आपली गाडी नकोशी झाली आहे. तुमच्या बुलेट ग्रुपवाले म्हणतात, ‘जपानी गाडीत जीव नसतो, सोडून गेलेला परत येतोच.’ वडील काहीच बोलत नाहीत. तुम्ही विचारताय की ही गद्दारी आहे का आणि पुढे पस्तावा होईल का.

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे उत्तर कुठल्या चष्म्यातून आलंय ते कळेल. कराडजवळ हायवेला माझं गॅरेज आहे. सुरुवात कास्ट आयर्न (ओतीव लोखंडाच्या इंजिनाच्या) बुलेट आणि येझदीवर झाली, आता सगळ्या कंपन्यांच्या गाड्या येतात. पण निम्म्याहून जास्त काम अजून बुलेटचंच आहे. त्यामुळे तुम्ही बुलेटवर राहिलात तर माझ्यासारख्यांचा फायदाच आहे, हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक अडकलेत. ‘मला नवी गाडी हवीय’ हा एक आणि ‘मला दुसऱ्या कंपनीची गाडी हवीय’ हा दुसरा. तुम्ही तुलना केलीत ती पाऊण लाख पळालेल्या गाडीची, नव्या टायरवर उभ्या असलेल्या गाडीशी. एवढ्या रनिंगला कोनसेटला, म्हणजे हँडलच्या बेअरिंगला, खड्डे पडलेले असतात, म्हणून हँडल सरळ ठेवलं तरी मधोमध अडकल्यासारखं वाटतं. स्विंगआर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे, बुश ढिले होतात, म्हणून वळणावर मागचं चाक वेगळ्याच विचारात असतं. चेन-स्प्रॉकेट संपलेलं असतं, क्लच प्लेटा घासलेल्या असतात, इंजिन माउंटिंगचे बोल्ट कोणीतरी अंदाजाने आवळलेले असतात, स्पोक ढिले असतात, मागचे शॉकअब्सॉर्बर नुसते नावाला असतात. हे सगळं एका दिवसात होत नाही, म्हणून चालवणाऱ्याला कळतही नाही. मग मित्राच्या दोन वर्षांच्या गाडीवर बसलं की वाटतं, काय लोण्यासारखी चालते! त्यातलं निम्मं श्रेय होंडाचं असेल, उरलेलं नव्या बेअरिंगांचं.

म्हणून ‘गाडी काढून टाकायचीय’ म्हणत येणाऱ्याला मी आधी एकच सांगतो: हे सगळं बदलून घे, कार्ब्युरेटर खोलून साफ कर आणि महिनाभर चालव. इंजिन खोलायची वेळ आली नसेल तर हा खर्च नव्या गाडीच्या आरटीओ टॅक्सच्या आतच भागतो. गाडी विकायची ठरली तरी तो अगदीच वाया जात नाही, गिऱ्हाईक चक्कर मारून आल्यावर भाव पाडून मागत नाही. महिन्यानंतर काही जण म्हणतात, ‘राहू दे, चांगली चाललीय.’ काही जण म्हणतात, ‘गाडी सुधारली, पण मन नाही.’ या दुसऱ्यांनी खुशाल पुढे जावं. तुम्ही कुठल्या गटात आहात ते आज तुम्हालाही सांगता येणार नाही.

आता निष्ठेचं बोलू. ग्रुपमध्ये ज्या बुलेटशी इमान राखायच्या गोष्टी चालतात ती बुलेट नेमकी कुठली?

वडिलांची १९८६ ची घ्या. ओतीव लोखंडाचं सिलिंडर, इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, चार गिअर आणि तेही उजव्या पायाला. पहिला वर, बाकीचे तीन खाली. ब्रेक डाव्या पायाला. किक मारण्याआधी अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, सिलिंडरातला दाब सोडणारा डीकॉम्प्रेशन लिव्हर दाबायचा, नाहीतर किक उलटी बसून पाय सुजायचा. ठिणगीचे पॉइंट साफ करणं आणि व्हॉल्व्हचे टॅपेट हाताने सेट करणं प्रत्येक मालकाला यावंच लागायचं. तुमची २०१२ ची क्लासिक बघा. इंजिन-गिअरबॉक्स एकाच खोक्यात, पाच गिअर डाव्या पायाला, ब्रेक उजव्या पायाला, बटण स्टार्ट, आपोआप सेट होणारे हायड्रॉलिक टॅपेट. टाकीवरचं नाव तेच, पण वडिलांच्या गाडीवरून उतरून तुम्ही क्लासिकवर बसता तेव्हा दोन्ही पायांची कामं अदलाबदल होतात. होंडावर बसताना तुम्हाला पायाचं काहीच नव्याने शिकावं लागलं नाही. म्हणजे तुमच्या घरातल्या दोन बुलेटमधलं अंतर तुमची क्लासिक आणि मित्राची सीबी३५० यांच्यातल्या अंतरापेक्षा मोठं आहे. ते अंतर तुम्ही चौदा वर्षांपूर्वीच पार केलंत आणि कोणी तुम्हाला गद्दार म्हटलं नाही.

कंपनीचंही तसंच. मद्रासला १९५५ मध्ये कारखाना सुरू झाला तो इंग्लंडच्या कंपनीच्या जोरावर. ती मूळ कंपनी पुढे बंद पडली, इथली चालत राहिली. नव्वदच्या दशकात ती आयशरकडे गेली. कास्ट आयर्ननंतर एव्हीएल इंजिन आलं, मग २००९ च्या सुमारास तुमच्या गाडीतलं यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेलं), आणि २०२० मध्ये मिटिऑरबरोबर जे-सिरीज इंजिन. दर वेळी जुने लोक म्हणाले, ‘आता ही बुलेट राहिली नाही.’ गिअर डावीकडे आला तेव्हा तर आमच्या गॅरेजबाहेर सुतक असल्यासारखं वातावरण होतं. आज ती तक्रार आठवणारेही कमी आहेत. नव्या जे-सिरीजमध्ये थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट आहे, तुमच्या यूसीईत तो नाही. ज्या थरथरीला आपले लोक बुलेटचा जीव म्हणायचे ती कंपनीनेच बरीचशी काढून टाकली आणि गाड्यांचा खप काही थांबला नाही.

आणखी एक गंमत. वडिलांच्या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ९० मिलिमीटर. तुमच्या यूसीईचंही तेच माप, ३४६ सीसी. होंडा सीबी३५० चं माप ७० आणि साडेनव्वद. आणि रॉयल एन्फिल्डच्या आजच्या क्लासिकचं माप ७२ आणि ८५.८. म्हणजे नुसती मापं बघितली तर वडिलांच्या बुलेटला जास्त जवळची होंडा आहे! ग्रुपमध्ये सांगून बघा, दोन दिवस भांडण पुरेल.

मग माणसं चिकटतात कशाला? माझा अनुभव असा की कंपनीला कोणीच चिकटत नाही. हीरो आणि होंडा २०१० च्या अखेरीस वेगळे झाले तेव्हा गावोगावच्या स्प्लेंडरवाल्यांपुढे खरा पेच यायला हवा होता, कारण ज्या इंजिनवर त्यांचा विश्वास होता ते होंडाचं तंत्रज्ञान होतं. पण बहुतेकांनी पुढची गाडीही स्प्लेंडरच घेतली. कारण विचारलं तर उत्तर एकच: गावात पार्ट मिळतो, कोणताही मिस्त्री खोलतो, विकायला गेलं की गिऱ्हाईक उभं असतं. येझदीवाल्यांचं उलटं. म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला तरी त्यांनी गाड्या जपल्या, पार्ट लेथवर बनवून घेतले. २०१८ मध्ये जावा (येझदीचं आधीचं नाव) नव्याने आली तेव्हा माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी लगेच नंबर लावला. नव्या गाडीत जुन्या टू-स्ट्रोकचा एक नटही नव्हता. त्यांना नाव पुरलं.

तेव्हा स्वतःला विचारा, तुम्हाला काय सोडायला जड जातंय. मिस्त्री असेल तर तो होंडाही शिकेल. आता जवळपास सगळ्याच नव्या गाड्या इंजेक्शनच्या आहेत, २०२० च्या बीएस-सिक्स या प्रदूषण नियमानंतर कार्ब्युरेटर जवळपास गेलाच, त्यामुळे त्याला स्कॅनर घ्यावाच लागणार आहे, तुम्ही बुलेट घ्या नाहीतर दुसरी. पार्टची सोय सोडायला जड जात असेल तर ते कारण खरं आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. ग्रुप असेल तर तेही खरं आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. रविवारी सकाळी ज्यांच्याबरोबर महाबळेश्वरला जायचं ते लोक गाडीपेक्षा कमी महत्त्वाचे नसतात. आणि वडील असतील, तर त्यांची गाडी कोणी विकायला काढलेलीच नाही.

आता तुम्ही बघितलेल्या दोन गाड्या. या दोघींची जातकुळीच वेगळी आहे, आणि तुम्हाला दोन्ही आवडल्या याचं मला थोडं नवल वाटलं.

सीबी३५० लाँग स्ट्रोक आहे, म्हणजे पिस्टनचा प्रवास व्यासापेक्षा मोठा. ३००० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ३० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे खेच, देते. बुलेटवाल्याची सवय असते लवकर वरचा गिअर टाकून डुगडुगत जायची, ती सवय हिच्यावर तशीच चालते. ताकद मात्र २०-२१ बीएचपीच्या घरातली, म्हणजे नव्या क्लासिकच्या बरोबरीची. स्पीड ४०० चं माप ८९ आणि ६४, म्हणजे व्यास मोठा, प्रवास छोटा. ताकद जवळपास दुप्पट, पण ती वर, ८००० आरपीएमला. कूलंटवालं इंजिन, सहा गिअर. बुलेटवाला हिच्यावर बसतो आणि ताशी चाळीसला पाचवा गिअर टाकतो, मग इंजिन ठोकायला लागतं, चेन हिसके देते, आणि महिन्याभराने माझ्याकडे येऊन म्हणतो, ‘खालून पिकअप नाही.’ पिकअप आहे, तुम्ही गिअर खाली ठेवा. ही सवय बदलायला वेळ लागतो आणि सगळ्यांना ती बदलावीशी वाटतच नाही. गाडी वाईट नसते, हाताची चाल वेगळी असते.

तुमच्या सांगली-पुणे रस्त्याला हे कसं लागू होतं बघा. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा पल्ला. तुमची यूसीई ताशी ८० ला खूश असते, नव्वदच्या पुढे फूटरेस्ट आणि हँडल झिणझिणायला लागतं, आणि साताऱ्याला चहाला थांबलात की हाताला मुंग्या. सीबी३५० किंवा नवी क्लासिक घेतलीत तर ८०-९० चीच चाल राहील, पण मुंग्या जातील. स्पीड ४०० वर शंभरला इंजिन आरामात असतं आणि खंबाटकीच्या चढावर ट्रक ओलांडायला गिअर खाली टाकला की जागा होते. पण वारा सरळ छातीवर येतो, कारण पुढे काही आडोसा नाही, आणि शंभरला तीन तास वारा खाणं हेही एक कामच आहे. पुण्यात रोज कोथरूड ते हिंजवडी असलं काही करत असाल तर हलका क्लच आणि कमी वजन याला हायवेपेक्षा जास्त किंमत द्या. तुम्ही रोजचं अंतर लिहिलेलं नाही, म्हणून यापुढे मी जात नाही.

कंपनी कुठलीही निवडा, एका गोष्टीसाठी मी नव्या गाडीच्या बाजूने आहे. तुमच्या २०१२ च्या गाडीला एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) नाही आणि मागे ड्रम ब्रेक आहे. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. पावसाळ्यात ओल्या हायवेवर अचानक ब्रेक मारावा लागतो तेव्हा याचा अर्थ कळतो. ट्यूबलेस टायर ही दुसरी सोय. तुमच्या स्पोकच्या चाकाला रात्री पंक्चर झालं तर चाक काढून ट्यूब बाहेर घ्यावी लागते. सीबी३५० आणि स्पीड ४०० या दोन्हींना अ‍ॅलॉय आणि ट्यूबलेस आहेत, खिळा निघेपर्यंत हवा बऱ्याचदा टिकते.

पार्ट आणि सर्व्हिस. बुलेटचा क्लच वायर, ब्रेक शू, फिल्टर तुम्हाला कराड, इस्लामपूर, तासगाव कुठेही मिळेल. होंडाची सीबी३५० अ‍ॅक्टिव्हाच्या शोरूममध्ये दुरुस्त होते असं धरून चालू नका, तिचं नेटवर्क बिगविंग नावाचं, वेगळं आहे. ट्रायम्फ बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तयार होते आणि तिला सर्व्हिस १६,००० किलोमीटर किंवा वर्षाला एकदा, ही चांगली गोष्ट. पण फिल्टर-ऑईलने मी गाडी ओळखत नाही. गाडी पडली की इंडिकेटर, लिव्हर, टाकी, हेडलाइट किती दिवसांत मिळतो यावरून ओळखतो. म्हणून शोरूमच्या सेल्समनला काही विचारू नका. मागच्या बाजूला वर्कशॉपमध्ये जा आणि तिथे उभ्या असलेल्या गाड्यांच्या मालकांना विचारा, किती दिवस झाले गाडी आत येऊन. पुण्यात एकदा विचारा आणि सांगलीत एकदा. उत्तरं वेगळी येतील.

टेस्ट राइडवर विसंबू नका. दहा मिनिटांची टेस्ट राइड म्हणजे चहापोह्यांचा कार्यक्रम, सगळे नटूनथटून बसलेले असतात. पुण्यात बाइक भाड्याने मिळतात. तुमच्या यादीतली गाडी दोन दिवस घ्या, मागे बायकोला बसवा, बॅग बांधा आणि सांगलीला जाऊन या. येताना जमलं तर वडिलांनाही एक चक्कर मारू द्या. स्पीड ४०० बद्दल तर मी म्हणेन, मागे बसणाऱ्याचं मत आधी घ्या, कारण मी ऐकलेल्या तक्रारींतल्या बहुतेक मागच्या सीटवरून आल्यात. आणि यादीत तिसरी गाडी घाला: आत्ताची क्लासिक. तुम्ही ती चालवल्याचं लिहिलेलं नाही. तुमच्या गाडीत आणि तिच्यात एक अख्खी पिढी गेली आहे. ती चालवल्याशिवाय ‘बुलेटचा कंटाळा आला’ हे वाक्य पुरं होत नाही. कदाचित तुम्हाला कंटाळा फक्त २०१२ चा आलेला असेल.

ग्रुपची काळजी थोडी खरी आहे, पण वेगळ्या कारणाने. सगळे ७५-८० ने चाललेत आणि तुम्ही स्पीड ४०० वर, तर एक तर तुम्ही पुढे जाऊन टपरीवर वाट बघत बसता, नाहीतर मागे राहून वैतागता. सीबी३५० वर हा प्रश्न येत नाही. टोमणे दोन-तीन राइड चालतात, मग एखाद्याची गाडी बंद पडते आणि विषय बदलतो. ‘परत येतोच’ म्हणतात त्यात तथ्य आहे, काही जण परत येतात. मी बघितलेल्यांपैकी जे आले ते बहुतेक आवाजासाठी आले, ज्याला आपण फायरिंग म्हणतो. आणि जे गेले ते गेलेच, त्यांचं कोणी ग्रुपमध्ये सांगत नाही, कारण ते ग्रुपमध्ये राहिलेले नसतात! (दुसऱ्या गाडीला मोठा सायलेन्सर लावून बुलेटचा आवाज काढायच्या भानगडीत पडू नका. आवाज येत नाही, पावती येते.)

पैशाचं एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे आणि त्याच्या वरच्यांवर ४० टक्के. क्लासिक आणि सीबी३५० खालच्या खान्यात बसतात, तुम्ही चालवलेली ३९८ सीसीची स्पीड ४०० वरच्या. कंपन्या या फरकातला किती भाग स्वतः सोसतात ते वरचेवर बदलतं, म्हणून जुने व्हिडिओ बघून हिशेब करू नका. तिन्ही शोरूममधून त्याच आठवड्यातला ऑन-रोड आकडा लेखी घ्या.

माझं मत विचारलंत तर: आधी गाडी दुरुस्त करून महिनाभर चालवा. तरी मन उडालेलंच राहिलं आणि तुम्हाला तीच चाल, फक्त सुखाची हवी असेल, तर सीबी३५० आणि नवी क्लासिक यांत जिची सर्व्हिस सांगलीत बरी ती घ्या. तुम्हाला चालच बदलायची असेल, रस्ता लवकर कापायचा असेल, तर स्पीड ४००. दोन्हींच्या मधलं काहीतरी म्हणून स्पीड घ्याल तर मात्र पस्तावाल.

जुनी क्लासिक विकायची ठरली तर दिवस मोजून ठरवा. २०१२ चं पासिंग म्हणजे २०२७ मध्ये पंधरा वर्षं पुरी. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून नोंदणी पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि गिऱ्हाईक तेवढ्याने भाव पाडतं. विकायची तर त्याआधी विका, ठेवायची तर तो खर्च धरून ठेवा. पूर्वी कर्ज होतं आणि आरसीवर अजून बँकेचं नाव असेल तर ते आधी उतरवा. कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा असेल आणि क्लेम घेतलेला नसेल तर नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीचा नव्हे. विकल्यावर विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यात वजा होतो, अगदी ५० टक्क्यांपर्यंत. हे पुष्कळ लोक घेतच नाहीत आणि शोरूमवालाही आपणहून आठवण करून देत नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कागद एजंटाच्या हातात दिले म्हणजे काम झालं असं समजू नका. परिवहनच्या साइटवर गाडीच्या नंबरापुढे नव्या मालकाचं नाव दिसेपर्यंत पाठपुरावा करा, तोवर चलन आणि अपघात दोन्ही तुमच्या दारात येतात.